बाल्कनीतली काळी धूळ कोळशाचीच का? वास्कोहून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर सांगा. दीड वर्षापूर्वी नोकरीमुळे तुम्ही फोंड्याहून वास्कोला आलात. मांगोर हिलच्या उतारावर तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहता. सकाळी पुसलेली बाल्कनी संध्याकाळी काळी होते. ४ वर्षांच्या मुलाची छाती गेल्या दिवाळीपासून रात्री सूं-सूं वाजते आणि डॉक्टरांनी ‘धुळीची ॲलर्जी’ सांगितली आहे. घरमालक म्हणतात ही रस्त्याची धूळ, शेजारीण म्हणते बंदरातला कोळसा, आणि फोंड्याचे मामा म्हणतात, “कोळसा नको तर घरातले दिवे बंद करा.” तुम्हाला कळून घ्यायचंय की धूळ कोळशाची आहे का, असल्यास ते सिद्ध कसं करायचं, आणि बिऱ्हाड परत फोंड्याला हलवावं का.

मी डॉक्टर नाही, हवा मोजणारा माणूस आहे. २२ वर्षं एका खासगी प्रयोगशाळेत काढली. सुरुवातीची वर्षं डिचोली-साखळीकडच्या खाणींच्या रस्त्यांवर गेली, नंतर कारखाने, हॉटेलांचे जनरेटर आणि बंदराच्या आसपासची वस्ती. छपरावर यंत्र चढवायचं, २४ तास चालवायचं, फिल्टर उतरवून वजन करायचं, आकडा लिहायचा, हे माझं काम. तेव्हा औषधाबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. धुळीबद्दल मात्र बोलायला मला थोडा अधिकार आहे.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या धुळी एकात एक मिसळल्या आहेत. एक बाल्कनीत दिसते ती. दुसरी मुलाच्या छातीत जाते ती. बहुतेक वेळा या दोन्ही एक नसतात.

कणाचा आकार कळला की निम्मा घोळ सुटतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १०० मायक्रॉनचा कोळशाचा कण १० मीटर उंचीवरून सुटला तर अर्ध्या-पाऊण मिनिटात खाली येतो. १० मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर उतरायला पाऊण तासाच्या आसपास लागतो, आणि तेवढ्या वेळात मध्यम वारा त्याला काही किलोमीटर घेऊन जातो. २.५ मायक्रॉनचा कण तर १० तास सहज तरंगतो. म्हणजे बाल्कनीत बोटाला लागते ती प्रामुख्याने जाड धूळ. ती नाकात, घशात अडकते, शिंका आणते, डोळे चुरचुरवते. फुप्फुसाच्या आतल्या नळ्यांपर्यंत जातात ते १० मायक्रॉनच्या खालचे कण, आणि अगदी खोल जातात ते २.५ च्या खालचे. ते तुम्हाला बोटाने कधीच दिसणार नाहीत.

आता कोळसा हाताळताना जी धूळ उडते ती फुटण्या-घासण्यातून आलेली असते, त्यामुळे ती बरीचशी जाड असते. जहाजातून ग्रॅबने (यांत्रिक पंजाने) उचलून हॉपरमध्ये, म्हणजे मोठ्या नरसाळ्यात टाकताना, एका सरकत्या पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर पडताना, उघड्या ढिगावरून वारा गेला की, रेल्वेच्या वाघिणी भरताना, आणि सांडलेला कोळसा ट्रकच्या चाकाखाली दळला गेला की ती उडते. याउलट अगदी बारीक कण जळण्यातून येतात: ट्रकचं डिझेल, जहाजांची इंजिनं, जनरेटर, कोपऱ्यावर पेटवलेला कचरा. जहाजांच्या इंधनात पूर्वी ३.५ टक्के गंधक चालायचं, २०२० पासून आंतरराष्ट्रीय नियमाने ते ०.५ टक्क्यावर आलं. हा बदल वास्कोसारख्या गावाला बाल्कनीत दिसला नसेल, पण छातीच्या दृष्टीने लहान नाही. म्हणूनच बंदर म्हणजे फक्त कोळसा असं धरू नका. कोळसा उद्या बंद झाला तरी बंदर चालूच राहील, ट्रकही येतील.

मग तुमची धूळ कोळशाची आहे का? तुम्ही दिलेल्या माहितीवरून शक्यता चांगली आहे, पण खात्री नाही. का ते सांगतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आपल्याकडे दुपारी समुद्रावरून पश्चिम-वायव्येचा वारा सुटतो आणि रात्री जमिनीवरून उलटा वाहतो. बंदर गावाच्या त्याच बाजूला आहे. म्हणून ‘सकाळी पुसली, संध्याकाळी काळी’ हे वाऱ्याच्या घड्याळाशी जुळतं. पण दिवसा गाड्याही जास्त असतात, त्यामुळे रस्त्याच्या धुळीशीही ते तितकंच जुळतं. हे वेगळं काढायचं तर रविवार वापरा. रविवारी रस्ता शांत, वारा तोच. रविवारी संध्याकाळी बाल्कनी तितकीच काळी असेल तर घरमालकांचं म्हणणं लंगडं पडतं. बाल्कनीचं तोंड कुठे आहे, समोर बांधकाम चालू आहे का, खालच्या रस्त्याला चढ आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. चढावर ट्रक जास्त काळा धूर सोडतो.

घरी करता येईल अशी एक चाचणी मी लोकांना सांगत आलोय. एक पांढरी गुळगुळीत टाइल घ्या, नाहीतर चिनी मातीची पांढरी ताटली. कठड्यापेक्षा थोडी उंच ठेवा, म्हणजे तुमच्याच फरशीवरची धूळ उडून तिच्यात जाणार नाही. दुसरी घराच्या उलट बाजूच्या खिडकीत ठेवा. ३ दिवसांनी पारदर्शक चिकटपट्टी दोन्हींवर दाबून पांढऱ्या कागदावर चिकटवा, वर तारीख आणि वेळ लिहा. घड्याळं दुरुस्त करणारे वापरतात तसलं १० पटीचं भिंग लावून बघा. कोळशाचे कण काळे, टोकदार आणि काचेच्या तुकड्यांसारखे चमकणारे दिसतात. काजळी मऊ असते, तिला कडा नसतात, घासली की पसरते. आपली माती तांबूस. टायरचे कण लांबट, मंद काळे. अजून एक गंमत आहे. ताटलीतली चिमूटभर धूळ पाण्याच्या वाटीत सोडली तर माती बुडते आणि पाणी गढूळ होतं, कोळशाची बारीक पूड मात्र वरच तरंगते, साबणाचा थेंब पडेपर्यंत. काजळीही तरंगते, म्हणून एकट्या वाटीवर भरवसा ठेवू नका. भिंग आणि वाटी दोन्ही एकच सांगत असतील तर तुमच्यापुरतं उत्तर मिळालं. प्रयोगशाळेत हेच काम परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली होतं आणि तिथे कोळशाचा कण ओळखण्यात शंका राहत नाही.

पावसाळ्यात हा उद्योग करू नका, काही हाती लागणार नाही. चवथीला घर साफ करताना तुम्हाला वाटेल धूळ गेली. नोव्हेंबरात ती परत येते.

आता मामांचं. त्यांना सांगा, मुरगावला, म्हणजे वास्कोच्या बंदरात, उतरणारा कोळसा मुख्यतः दिव्यांसाठी नाही. तो बहुतांश कोकिंग कोळसा, म्हणजे पोलाद बनवायला लागणारा कोळसा आहे, परदेशातून येणारा, आणि रेल्वेने घाट चढून कर्नाटकात बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. १ टन पोलादाला साधारण पाऊण टन असा कोळसा लागतो. वास्कोत ढीग पडतात, माजोर्डे, मडगाव, चांदर, कुळे या वाटेने वाघिणी जातात, आणि गोव्याच्या घरांतली वीज मुख्यतः यातून येत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला माणसं रात्री मेणबत्त्या घेऊन रुळांवर जमली ती याच मार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या जंगलातल्या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

पण मामा पूर्ण चुकलेले नाहीत, आणि हे आपण गोवेकर सहसा बोलत नाही. गोव्यात मोठं वीजकेंद्र नाही. आपल्या घरातली बरीचशी वीज छत्तीसगडमधल्या कोरब्याहून आणि मध्य प्रदेशातल्या विंध्याचलहून येते, दोन्ही कोळशावर चालणारी केंद्रं: कोरबा २६०० मेगावॉट, विंध्याचल ४७६०. भारतीय कोळशात राखच ३० ते ४५ टक्के असते. ती राख तिथे उरते, आपल्याकडे फक्त तार येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातली औद्योगिक क्षेत्रं तपासली तेव्हा कोरबा ‘अतिगंभीर प्रदूषित’ गटात होतं. वीजकेंद्रांच्या धुरांड्यांतल्या गंधकासाठी डिसेंबर २०१५ मध्ये नियम आले, मुदत २ वर्षांची होती, ती वारंवार पुढे ढकलली गेली. मोलेच्या जंगलातून येणाऱ्या ज्या वीजवाहिनीवरून एवढी आंदोलनं झाली तिच्या प्रकल्पाचं नाव ‘गोवा–तमनार’. तमनार हे छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातलं कोळशाच्या पट्ट्यातलं गाव. आपण झाडांबद्दल बोललो ते बरोबरच होतं, पण नावातल्या दुसऱ्या गावाचा विचार माझ्यासकट फार कमी जणांनी केला. एक बाई कोरब्याला ताटली ठेवून बसली असेल तर तिच्या ताटलीत आपल्या पंख्याचा हिस्सा आहे.

म्हणून मामांना मी असं उत्तर देईन: दिवा लावणारा आणि धूळ खाणारा हे वेगवेगळ्या गावांत राहतात, भांडण तिथे आहे. पोलाद घेणारा वास्कोत राहत नाही, वीज वापरणारा कोरब्यात राहत नाही. दिवा बंद करून तुमच्या मुलाची छाती मोकळी होणार नाही.

आता सिद्ध करण्याबद्दल. हा भाग जरा लांबेल, कारण माझं आयुष्य यातच गेलं.

देशाची हवेची मानकं २००९ ची आहेत. १० मायक्रॉनच्या खालच्या धुळीसाठी २४ तासांची सरासरी मर्यादा प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅम, वर्षाची ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेले आकडे ४५ आणि १५ आहेत. म्हणजे अहवालात ‘मर्यादेत’ लिहिलेली हवा जागतिक शिफारशीच्या दुप्पट घाण असू शकते आणि तरी अहवाल खोटा नसतो. वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून २ दिवस, वर्षाला किमान १०४ मोजण्या लागतात. उरलेल्या दिवसांबद्दल कुणी काही विचारत नाही. शिवाय २४ तासांची सरासरी दुपारचा वारा गिळून टाकते. हिशोब करून बघा: २० तास हवा ६० वर आहे आणि दुपारचे ४ तास २५० वर. सरासरी ९२ च्या आत येते. अहवालात हिरवा शेरा. तुमचा मुलगा नेमका त्या ४ तासांत बाल्कनीत खेळत असतो.

आणि यंत्र कुठे ठेवलं यावर तर सगळं ठरतं. एक आठवण सांगतो, नाव कुणाचंच घेत नाही. एका ठिकाणी आम्ही यंत्र वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वस्तीच्या बाजूला बसवलं होतं. पहिल्या दोन दिवसांचे फिल्टर उतरवले तर डांबरासारखे. तिसऱ्या दिवशी, ज्यांच्या ढिगाची धूळ मोजत होतो त्यांचा माणूस आला, म्हणाला, इथे वायरचा प्रॉब्लेम आहे, यंत्र मागच्या बागेत हलवा. माझ्या वरिष्ठांनी हलवायला सांगितलं, मी हलवलं. बागेत झाडं होती, पाणी मारलं जायचं, आणि वारा ढिगाकडे जायचा, ढिगाकडून यायचा नाही. पुढचे सगळे फिल्टर गोरेगोमटे. अहवालावर सही माझी होती. आकडा खरा, यंत्र बरोबर, कॅलिब्रेशन झालेलं, वजनाचा काटा दशांशाच्या पाचव्या स्थानापर्यंत अचूक. फक्त जागा चुकीची. या गोष्टीला खूप वर्षं झाली, पण कुणी ‘अहवालात तर सगळं ठीक आहे’ म्हणालं की मला ती बाग आठवते. म्हणून कुठलाही अहवाल हाती आला तर आधी आकडा बघू नका. यंत्र कुठल्या जागी होतं, कुठल्या महिन्यात, वारा कुठून होता, ते बघा. पावसाळ्यातला अहवाल पुढे केला तर हसून परत करा.

दुसरी आठवण खारवीवाड्यावरची, म्हणजे वास्कोतल्या मच्छीमारांच्या वस्तीतली. एक म्हातारी सुकत टाकलेले बांगडे उलटत होती. मी यंत्राची वायर ओढत तिच्या अंगणातून चाललो होतो. तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे केले, काळे. म्हणाली, “पळय रे बाबा, मीठ खंय आनी कोळसो खंय?” (बघ रे बाबा, मीठ कुठे आणि कोळसा कुठे?) मी मान हलवली आणि वर छपरावर गेलो, कारण मला मायक्रोग्रॅम हवे होते. तिचे तळवे माझ्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात बसत नव्हते.

तुमचा खरा प्रश्न इथे आहे असं मला वाटतं. धूळ ज्याच्या घरात येते त्यानेच ती धूळ कुठली, किती, आणि तिनेच आजार झाला, हे सिद्ध करायचं अशी आपली रीत पडली आहे. धूळ उडवणाऱ्याकडे यंत्र असतं, सल्लागार असतो, वकील असतो. धूळ खाणाऱ्याकडे ताटली. २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यांत वास्कोत बंदराच्या विस्तारासाठी जनसुनावण्या झाल्या. अशा सुनावण्यांत नेहमी हेच होतं. माणूस उठून म्हणतो, माझी आई खोकते. पलीकडून उत्तर येतं, मोजमाप मर्यादेत आहे. दोघेही खरं बोलत असतात आणि फाईल पुढे जाते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तर ‘कोळशानेच दमा झाला’ हे एकट्या मुलापुरतं सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे, ते मनातून काढून टाका. धुळीमुळे वस्तीत दम्याचे झटके, हृदयविकार, दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात हे शेकडो शहरांत दिसून आलं आहे, पण ते हजारो माणसांच्या आकड्यांवरून दिसतं. एका छातीवर कोळशाचा शिक्का नसतो. शेजारीण ‘काळी फुप्फुसं होतात’ म्हणते तो खाणीत वर्षानुवर्षं काम केलेल्या मजुरांचा आजार आहे. बाल्कनीतल्या धुळीने मुलाला तो होईल ही भीती बाळगू नका. दम्याचा त्रास वाढेल, ही भीती खरी आहे.

इथवरचं थोडक्यात: दिसणारी काळी धूळ बहुधा बंदराची आणि रस्त्याची मिळून असणार, ताटलीने अंदाज येईल. छातीला जाणारी बारीक धूळ वेगळी, तिच्यात ट्रक, जहाजं, कचरा सगळे आहेत. एका मुलापुरता कायदेशीर पुरावा मिळणार नाही, गावापुरता मिळू शकतो.

गावापुरता म्हणजे काय? बंदरातल्या प्रत्येक कोळसा हाताळणाऱ्याला १९८१ च्या हवा कायद्याखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते आणि त्या संमतीपत्रात अटी असतात. ढीग झाकायचे, पाणी मारायचं, पट्टे बंदिस्त ठेवायचे, वाघिणींवर ताडपत्री, असल्या. माहिती अधिकारात १० रुपये भरून त्या संमतीपत्राची प्रत आणि मागच्या २ वर्षांच्या हवा-अहवालांच्या प्रती मागा, यंत्रांच्या जागांच्या नकाशासकट. ‘हवा वाईट आहे’ ही तक्रार कुठेच जात नाही. ‘अट क्रमांक अमुकमध्ये ताडपत्री लिहिली आहे, अमुक तारखेला इतक्या वाजता उघड्या वाघिणी गेल्या, हा फोटो’ ही तक्रार फाईलीत राहते आणि उत्तर मागते. अट मोडली हे दाखवायला मायक्रोग्रॅम लागत नाहीत. हे मला नोकरी सुटल्यावर कळलं, त्या म्हातारीच्या अंगणात कळायला हवं होतं.

एकट्याने करू नका. भाडेकरूने एकट्याने तक्रार केली की पहिला फोन घरमालकाला जातो.

घरात काय करायचं ते लवकर सांगतो, यात अवघड काही नाही. दुपारी १२ ते ६ बंदराकडच्या खिडक्या बंद, सकाळी लवकर उघड्या. झाडू नको, ओला पोछा. मुलाचं खेळणं बाल्कनीतून आत. मच्छर अगरबत्ती आणि कॉइल आजच बंद करा. एका संशोधनात एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. वास्कोत राहणारी माणसं बंदराला शिव्या देत रात्री पलंगाखाली कॉइल लावतात हे मी कित्येक घरांत पाहिलंय. दुसरं म्हणजे बुरशी. गोव्यातल्या दम्याचा निम्मा त्रास धुळीवर टाकला जातो आणि कपाटामागची ओली भिंत सुटून जाते. पलंग भिंतीपासून हातभर लांब ओढा, गाद्या उन्हात टाका. डॉक्टरांना वेळेचा क्रम सांगा: त्रास दिवाळीनंतर सुरू झाला असेल तर धुळीकडे बोट जातं, जून-जुलैत वाढत असेल तर बुरशीकडे.

हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. बंद खोलीत ते बारीक कण कमी करतं. पण खिडक्या सतत बंद ठेवल्या तर ओल वाढते आणि बुरशी परत येते. परवडत असेल तर फक्त मुलाच्या झोपायच्या खोलीत, फक्त कोरड्या महिन्यांत. आणि एक विजेचं: नेब्युलायझरवर (औषधाची वाफ करून देणाऱ्या विजेच्या यंत्रावर) सगळी भिस्त ठेवू नका. पहिल्या पावसात फीडर ट्रिप होतो आणि लाईट नेमकी मध्यरात्री जाते. स्पेसर (तोंडाशी धरायची नळी) लावून दम्याचा पंप कसा द्यायचा ते डॉक्टरांकडून शिकून घ्या, त्याला वीज लागत नाही आणि साध्या झटक्याला तो तितकाच लागू पडतो. पंपाची सवय लागते म्हणून तो मधेच बंद करू नका, ही चूक मी माझ्याच घरात झालेली पाहिली आहे.

फोंड्याला जावं का? तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. आधी ८ आठवडे कॉइल, बुरशी, खिडक्या हे सगळं नीट करून रोजच्या खोकल्याची वही ठेवा: रात्री किती वेळा उठला, पंप किती लागला, वारा कसा होता. सुटीत मुलाला १५ दिवस आजीकडे फोंड्याला ठेवा आणि वही तिथेही चालू ठेवा. तिथे खोकला स्पष्ट उतरला आणि परत आल्यावर चढला, तर बिऱ्हाड हलवा. रोजची ये-जा कंटाळवाणी आहे, पण ती तुम्ही करायची आहे, मुलाने नाही. तिथेही तसाच खोकला राहिला तर घर बदलून पैसे घालवू नका. फोंड्याची हवा स्वच्छ असेलच असं धरून चालू नका, तिथेही कारखाने आहेत, आणि आजीच्या स्वयंपाकघरात चूल असेल तर सगळा हिशोब उलटा होईल.

हलवणं हा तुमच्यापुरता बरोबर निर्णय असेल, त्यात पळून गेल्याची खंत वाटून घेऊ नका. एवढंच लक्षात असू द्या की जागा बदलणं ज्याला परवडतं तोच बदलतो. खारवीवाड्याची म्हातारी होडी आणि सुकी मासळी घेऊन फोंड्याला जाऊ शकत नाही. तुमची खोली रिकामी झाली की तिथे दुसरं कुणी येईल, बहुधा तुमच्यापेक्षा कमी पगाराचं, बहुधा लहान मूल असलेलं.

म्हणून ताटल्या दोन नका घेऊ, तीन घ्या. तिसरी घरमालकांना द्या. रस्त्याची धूळ आहे म्हणतात ना, मग त्यांनीच त्यांच्या गच्चीवर ठेवावी, दर रविवारी चिकटपट्टी लावून तारखेसकट वहीत चिकटवावी. तुम्ही गेलात तरी ती वही तिथेच राहू द्या.